वाचकांचे प्रश्न : पेशी-उपचारांनी ल्युपस बरा होतो का?

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याचा आजार, आहे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि अल्प मात्रेतील स्टेरॉइड यांमुळे तिचा आजार सध्या आटोक्यात आहे. रुग्णाच्याच पेशी काढून, त्यांत बदल करून परत दिल्यास प्रतिकारशक्ती शरीरावर उलटणे थांबते, असे वाचनात आले. हे खरे असेल, तर तिने औषधे बंद करून तो उपचार घ्यावा का?

उत्तर : सर्वप्रथम, औषधे स्वतःहून मुळीच बंद करू नयेत, स्टेरॉइड अचानक थांबवणे तर जिवावर बेतू शकते.

आपण वाचले त्यात बहुधा दोन वेगळे उपचार एकत्र आले आहेत. ल्युपसमध्ये गाजलेला उपचार म्हणजे ‘कार-टी’. टी आणि बी या दोन्ही प्रतिकारशक्तीच्याच पेशी. रुग्णाच्या टी पेशींत प्रयोगशाळेत एक नवे जनुक घातले जाते, त्यामुळे त्या शरीरावरच हल्ला करणाऱ्या प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडीजच्या) मुळाशी असलेल्या बी पेशी ओळखून नष्ट करतात. जर्मनीतील एर्लांगेनच्या डॉक्टरांनी 2024 मध्ये अशा 15 रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी 8 जणांना ल्युपस होता; त्या आठही जणांचा आजार शमला आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे थांबवता आली. काही महिन्यांनी बी पेशी परतल्या, तरी आजार लगेच उलटला नाही. हे यश मला मनापासून मोलाचे वाटते. परंतु रुग्ण थोडे होते, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि पेशी देण्यापूर्वी सर्वांना केमोथेरपी घ्यावी लागली होती.

दुसरा मार्ग नष्ट करण्याचा नसून आवर घालण्याचा आहे. आपल्याच शरीरावर चालून जाणाऱ्या पेशींना रोखणाऱ्या ‘नियामक टी पेशी’ प्रत्येकाच्या रक्तात असतात. शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये त्या दाखवून दिल्या. मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी त्यांच्यासाठी आवश्यक असलेले फॉक्सपी3 हे जनुक शोधले. आणि या तिघांना 2025 चे नोबेल पारितोषिक मिळाले. या पेशी वेगळ्या काढून, वाढवून, शिरेवाटे परत देण्याचा प्रयोग टाइप 1 मधुमेहाच्या (यात प्रतिकारशक्ती इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते) 14 प्रौढ रुग्णांवर झाला. पेशींवर जड हायड्रोजनची खूण केलेली असल्यामुळे त्यांचा माग काढता आला, आणि वर्षभरानंतरही काहींच्या रक्तात त्यांच्या सर्वोच्च पातळीच्या चौथ्या हिश्शापर्यंत पेशी टिकून असल्याचे दिसले. मात्र पुढे मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीत त्यांची इन्सुलिन तयार करण्याची क्षमता या उपचाराने वाचली नाही. पेशी टिकतात, पण नेमक्या जागी पोहोचून काम करतातच असे नाही, हीच खरी अडचण आहे. म्हणून आता त्यांना विशिष्ट अवयव ओळखायला लावणारे बदल केले जात आहेत. संधिवातामध्ये रुग्णाच्या डेंड्रायटिक पेशींना (कशावर हल्ला करायचा हे टी पेशींना दाखवणाऱ्या पेशींना) सहिष्णुतेचे, म्हणजे स्वतःच्या शरीराला सोडून देण्याचे, वळण लावून त्या सांध्यात टोचण्याचे प्रयोगही झाले आहेत, मात्र ते अजून प्राथमिक टप्प्यावर आहेत.

आपल्या बहिणीपुरते सांगायचे, तर कार-टीच्या सुरुवातीच्या चाचण्यांत प्रामुख्याने अनेक औषधांना दाद न देणारे रुग्ण घेतले गेले. आजार आटोक्यात असताना केमोथेरपी आणि गंभीर जंतुसंसर्गाचा धोका पत्करणे माझ्या मते योग्य नाही. स्टेरॉइडची मात्रा आणखी कमी करता येईल का, हे मात्र तिने आपल्या संधिवाततज्ज्ञांना पुढच्या भेटीतच विचारावे; कारण आजार स्थिर असताना ती हळूहळू उतरवणे अनेकदा शक्य असते.