अल्फा आला म्हणजे झालं का?

प्रश्न : ताई, मी एमए सायकॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डिझर्टेशनसाठी मेंटलायझिंग मोजणारी ८ प्रश्नांची आरएफक्यू (रिफ्लेक्टिव्ह फंक्शनिंग क्वेश्चनेअर) प्रश्नावली मराठीत आणली, कॉलेजातल्याच १२० मुलामुलींकडून भरून घेतली, क्रोनबॅक अल्फा ०.८१ आला. गाईड म्हणतात झालं व्हॅलिडेशन, आता चॅप्टर लिही. पण मला काहीतरी खटकतंय. खरंच झालं का?
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : नाही झालं गं, आणि तुला खटकलं हे फार बरं झालं.

आधी बाकीच्या वाचकांसाठी दोन ओळी. बहीण जेवताना ताट तसंच ठेवून उठून गेली, तर "माजलीये" असं न म्हणता "हिचं काहीतरी बिनसलंय, की सकाळी मीच बोलले ते लागलं?" असा विचार करता येणं, म्हणजे वागण्यामागचं मन बघता येणं, दुसऱ्याचं आणि स्वतःचंही, हे मेंटलायझिंग. लंडनच्या पीटर फोनागी आणि मंडळींनी ही कल्पना रुजवली, २०१६ मध्ये ही प्रश्नावलीही त्यांनीच प्रसिद्ध केली.

आता अल्फा. तो फक्त एवढंच सांगतो की प्रश्न एकमेकांशी जुळतायत, ते नेमकं काय मोजतायत ते नाही सांगत, आणि व्हॅलिडिटी म्हणजे तर तेच, जे मोजायचंय तेच मोजलं जातंय का. आणि एकच गोष्ट दोनदा विचारली की अल्फा आपोआप फुगतो. तुझी प्रश्नावली काढून २ आणि ६ नंबरचे प्रश्न शेजारी ठेवून बघ. एकात "मी जे करते ते का करते हे मला नेहमी कळतंच असं नाही", दुसऱ्यात "कधीकधी का करते ते न कळताच मी काहीबाही करते". इंग्रजीतच ही जुळी भावंडं आहेत, मराठीत तर ओळखूच येत नाहीत.

त्यात स्कोअरिंग कसं केलंस ते लिहिलं नाहीस. सरळ बेरीज केली असशील तर थांब, कारण 'अजिबात पटत नाही' ते 'पूर्ण पटतं' अशा ७ पायऱ्यांपैकी कुठल्या टोकाला खूण केली यावर एकदा मनातलं कळतं या 'खात्री'चे आणि एकदा 'अनिश्चितते'चे असे वेगळे मार्क द्यायचे असतात, मधल्या उत्तराला शून्य, आणि गंमत म्हणजे ४ प्रश्न दोन्हीकडे मोजले जातात. मग ते दोन स्कोअर एकमेकांच्या उलटे जाणारच, त्यात शोध कसला? जर्मनीतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं की इथे खात्री आणि अनिश्चितता असे दोन वेगळे घटक नाहीत, एकच दिसतो, आणि काही प्रश्न मेंटलायझिंगपेक्षा रागाचा भडका आणि उतावळेपणाच जास्त पकडतात. म्हणजे मूळ प्रश्नावलीवरच भांडण चालू आहे, तू फक्त भाषांतर तपासत नाहीयेस.

भाषांतराचं म्हणशील तर माझा जीव तिथेच अडकतो. इंग्रजीतल्या "मी बोलते"ला लिंग नाही, आपल्याला करतो/करते लिहावं लागतं. ते टाळायला कुणी लिहितं "राग आला की माझ्या तोंडून काहीतरी निघून जातं", वाचायला किती छान, पण मूळ वाक्यात *मी* बोलतो आणि इथे शब्द आपले आपण निघतात, म्हणजे बोलणाऱ्याची जबाबदारीच गळली! प्रश्न तर नेमका त्याबद्दलच आहे ना. म्हणून दुसऱ्या कुणाकडून उलट भाषांतर, म्हणजे मराठीवरून पुन्हा इंग्रजी, करून घे आणि मूळाशी ताडून बघ (मानसशास्त्रज्ञ ब्रिस्लिनने १९७० मध्ये सांगितलेली पद्धत, अजून चालते), आणि त्याहून महत्त्वाचं, ८-१० जणांना समोर बसवून विचार की हे वाक्य वाचून तुला काय वाटलं. कॉलेजबाहेरचेही घे, तुझी आत्या, दुकानवाले काका. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळे हेच गाळतात.

मग मोठं सँपल घेऊन कन्फर्मेटरी फॅक्टर अ‍ॅनालिसिस (प्रश्न ठरवलेल्या घटकांत खरंच बसतात का ते आकडेमोडीने तपासणं), मुलं-मुली प्रश्नाचा अर्थ सारखाच घेतात का ते, उत्तरं टिकतात का बघायला २-३ आठवड्यांनी त्याच लोकांकडून पुन्हा, आणि सोबत टीएएस-२० सारखी भावना ओळखण्यातली अडचण मोजणारी चाचणी आणि डिप्रेशनची एखादी. स्कोअर डिप्रेशनशीच जास्त जुळला तर तू मेंटलायझिंग नाही, उदासी मोजलीस. एवढं सगळं एका डिझर्टेशनमध्ये नाही बसणार. शीर्षकात 'प्राथमिक' शब्द घाल, गाईडना म्हणावं अल्फा ठेवू, फक्त त्याला व्हॅलिडिटी नको म्हणूया. चिडणार नाहीत बहुतेक.

प्रश्न : ही आरएफक्यू टेस्ट मी ऑनलाइन नवऱ्याला भरायला लावली. पठ्ठ्याला सगळं कळतं म्हणे, कशातच गोंधळ नाही. म्हणजे तो समजूतदार ना?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : वहिनी, त्या ८ प्रश्नांत दुसऱ्याच्या मनातलं कळतं का असं थेट विचारणारा प्रश्न एकच आहे, बाकी जवळजवळ सगळं स्वतःबद्दल. आणि ज्याला समोरच्याचं मन कळत नाही त्याला ते कळत नाही हे तरी कुठून कळणार, तो बिनधास्त "मला सगळं कळतं"वर खूण करतो. कागदावर समजूतदार आणि अतिखात्रीवाला दोघं सारखेच दिसू शकतात. हे टाळायला मुलाखत घेऊन मेंटलायझिंगचं -१ ते ९ असं रेटिंग करायची पद्धतही आहे, पण त्याला रीतसर ट्रेनिंग लागतं आणि वेळ भरपूर जातो. तुमच्याकडे तर रोजची मुलाखत चालूच असते.