सस्टेनेबिलिटी रिपोर्ट चांगला असेल तर कंपनीचं मूल्य वाढतं का?

पर्यावरण, कामगार आणि समाजाबाबत कंपनी काय करते हे सांगणारा हा रिपोर्ट नुसता छापून मूल्य वाढत नाही. माहिती खरी आणि पडताळता येण्यासारखी असेल तर गुंतवणूकदाराची धास्ती कमी होते, त्यामुळे कंपनीला भांडवल थोडं स्वस्त मिळू शकतं. संबंध आहे तो एवढाच. शिवाय उलटंही असतं: ज्यांच्या गाठीशी पैसा आहे त्याच कंपन्या असे रिपोर्ट नीट करू शकतात.

फोक्सवॅगनचं उदाहरण विसरू नका. सप्टेंबर 2015 मध्ये डाऊ जोन्स सस्टेनेबिलिटी निर्देशांकाने (या बाबतीत चांगल्या ठरलेल्या कंपन्यांची यादी) तिला वाहन उद्योगात अव्वल ठरवलं. त्याच महिन्यात डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचणीतली फसवणूक उघड झाली आणि दोन दिवसांत शेअर साधारण एक तृतीयांशाने कोसळला. पुढे निर्देशांकातूनही नाव गेलं.

आपल्याकडे शेअर बाजाराची नियामक सेबी हिने 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 नोंदणीकृत कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे ठरलेल्या नमुन्यातला सस्टेनेबिलिटी रिपोर्ट, सक्तीचा केला आहे. तो वार्षिक अहवालातच असतो. सुरुवातीचे झाडं लावतानाचे फोटो सोडा, थेट सहाव्या तत्त्वावर या (हा रिपोर्ट तत्त्वांनुसार विभागलेला असतो; सहावं पर्यावरणाचं). तिथे पाण्याचा वापर किलोलिटरमध्ये असतो, शेजारच्या रकान्यात मागच्या वर्षीचा आकडा, आणि खाली उलाढालीच्या प्रति रुपया किती पाणी लागलं तेही. तिसऱ्या तत्त्वात कामगारांचे अपघात आणि मृत्यू दिलेले असतात. ते मी कधीच चुकवत नाही. मागच्या वर्षीचा आकडा यंदा गुपचूप बदललेला दिसला, तर मी तो शेअर घेत नाही.