जर्मनीत फ्रीलान्स करायला येताय? मग आधी त्या एका क्लायंटचं बघा

तुमचा बेत मला समजला तो असा: पुण्यातली नोकरी सोडायची, फ्रीलान्स व्हिसावर बर्लिनला यायचं, म्युनिकची एक कंपनी आठवड्याचे पाचही दिवस काम द्यायला तयार आहे. टॅक्स किती बसेल, आणि सॉफ्टवेअरवाल्याला युनियन कशाला लागते, हे तुमचे दोन प्रश्न. दोन्हींचं सांगते, पण त्याआधी ती एकुलती एक कंपनी. खरी गोम तिथेच आहे.

करारावर 'स्वतंत्र व्यावसायिक' लिहिलंय याला इथे फारशी किंमत नाही. काम प्रत्यक्षात कसं चालतं ते बघतात. ओळखीतल्या एकाचा करार मी वाचलाय: नऊ ते सहा हजेरी, रजा टीमलीडच्या परवानगीने, लॅपटॉप कंपनीचा, ईमेल आयडी कंपनीचा, आणि दुसरीकडे काम घ्यायचं तर आधी विचारायचं. ही नोकरीच झाली, फक्त पीएफ आणि रजेचे पैसे वाचवलेली. पेन्शन विम्याच्या कार्यालयाने तसा निर्णय दिला, तर कंपनीला चार वर्षांपर्यंत मागे जाऊन सामाजिक विम्याचे हप्ते भरावे लागतात, तुमच्या वाट्याचेसुद्धा. जाणूनबुजून केलंय असं ठरलं तर तीस वर्षांपर्यंत. २०२२ साली हेरेनबर्ग गावच्या संगीतशाळेच्या खटल्यात सर्वोच्च सामाजिक न्यायालयाने 'फ्रीलान्स' शिकवणं ही नोकरीच धरली, तेव्हापासून तर सगळेच सावध झालेत. कंपनी सावध झाली की पहिला बळी तुमचा करार. शिवाय तुमचा व्हिसा स्वयंरोजगाराचा. कामाला नोकरी ठरवलं तर तो त्या कामाला पुरत नाही.

समजा हे निभावलं, काम खरोखर स्वतंत्र निघालं. तरी कमाईचा सहापैकी पाच भाग किंवा जास्त एकाच क्लायंटकडून येत असेल आणि हाताखाली कोणी नोकरीला नसेल, तर सरकारी पेन्शनचा हप्ता तुम्हाला लागू होतो. दर १८.६ टक्के, नोकरदाराचा निम्मा मालक भरतो, तुमचा सगळा तुम्ही. धंदा नवीन असताना पहिली तीन वर्षं यातून सूट मिळते, पण ती आपण होऊन मागावी लागते.

आता टॅक्स. आल्यावर फिनान्सआम्ट म्हणजे टॅक्स ऑफिसला एल्स्टर या सरकारी टॅक्स पोर्टलवरून एक लांबलचक फॉर्म भरून द्यायचा. त्यात तुम्ही 'फ्रायबेरुफ्लर' (डॉक्टर, वकील, इंजिनिअरसारखे स्वतंत्र व्यावसायिक) आहात की 'गेवेर्ब' (साधा व्यापार-धंदा) हे सांगावं लागतं. इंजिनिअरिंगची पदवी असेल आणि काम त्या दर्जाचं असेल तर पहिल्यात बसू शकाल. तसं झालं तर स्थानिक व्यवसाय कर लागत नाही. गेवेर्बमध्ये गेलात तरी वर्षाच्या नफ्यातले पहिले २४,५०० युरो त्या करातून सुटतात, त्यामुळे या फरकाचं फार टेन्शन घेऊ नका. भारतात व्यावसायिकांसाठीच्या अंदाजे नफ्याच्या (प्रिझम्प्टिव्ह) करयोजनेखाली निम्मी कमाई नफा दाखवून मोकळं होता येतं. तुमच्या कामाला इथे तसली पळवाट नाही. पावती न पावती जपायची.

बिलाचं गणित नीट समजून घ्या. ५,००० युरोच्या कामाचं बिल १९ टक्के व्हॅटसह ५,९५० होतं. वरचे ९५० तुमचे नाहीत, खात्यात दिसले तरी नाहीत. ते पुढे सरकारला भरायचेत. आधीच्या वर्षीची उलाढाल २५,००० युरोच्या आत असेल तर व्हॅटमधून सूट मिळते (२०२५ पासून ही मर्यादा आहे), पण पाच दिवसांच्या कामात तुम्ही ती सहज ओलांडाल. भारतातल्या कंपनीला बिल केलंत तर जर्मन व्हॅट लागत नाही. इन्कम टॅक्स मात्र लागतो, कारण इथे राहणाऱ्याची जगभरातली कमाई इथे मोजतात.

खरा दणका दुसऱ्या वर्षी बसतो. पहिलं रिटर्न तपासलं की ऑफिस सरलेल्या वर्षाचा कर मागतं आणि त्याच नफ्याच्या हिशेबाने चालू वर्षाचा आगाऊ करही: मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबरच्या १० तारखेला. दोन वर्षांचे पैसे एकदम. प्रत्येक बिलातला तिसरा हिस्सा वेगळ्या खात्यात टाका आणि त्याला हात लावू नका.

युनियन म्हटलं की आपल्याला गिरणी संप आणि गेट मीटिंग आठवते. इथे 'वेर्डी' ही मोठी सेवाक्षेत्राची संघटना फ्रीलान्सरनाही सदस्य करून घेते, आणि 'आयजी मेटाल' ही कारखान्यांतल्या कामगारांची संघटनासुद्धा. वर्गणी कमाईच्या प्रमाणात असते आणि धंद्याचा खर्च म्हणून वजा होते. सगळ्यांनी मिळून दर ठरवायचा म्हटलं तर तो कार्टेल कायद्यात (संगनमताने भाव ठरवायला बंदी घालणाऱ्या) अडकू शकतो, म्हणून संपाची वगैरे अपेक्षा नको. पण सार्वजनिक रेडिओ-टीव्हीवर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या फ्रीलान्सरना रजेचे आणि आजारपणाचे पैसे मिळतात ते युनियनने केलेल्या करारांमुळेच. एका क्लायंटवर अवलंबून असलेल्यांसाठी असे करार करायला कायद्यात वेगळी जागा आहे. तुमच्या दृष्टीने मोठी सोय म्हणजे सल्ला. वर सांगितलेला करार युनियनच्या सल्लागार बाईंनी पेन्सिलने असा काही रंगवला की अर्धं पान उरलं. कोर्टकचेरीच्या मदतीसाठी मात्र सदस्य होऊन काही महिने जावे लागतात, तेव्हा भांडण पेटल्यावर नाव नोंदवून उपयोग नाही.

आरोग्य विम्याचं तुम्ही विचारलं नाहीत. भारतातून थेट फ्रीलान्सर म्हणून आलेल्याला सरकारी विमा सहसा घेत नाही, खाजगी घ्यावा लागतो आणि तो वयासोबत महागत जातो. आधी नोकरी करून सरकारी विम्यात शिरलात, तर पुढे फ्रीलान्स झाल्यावरही तिथे राहता येतं. म्हणून माझं मत: म्युनिकवाल्यांना पाच दिवस काम हवंच आहे, तर ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांसाठीचा नोकरीचा परवाना) नोकरी द्याल का म्हणून सरळ विचारा. नाही म्हणाले तर का, ते लेखी मागा, आणि तिकीट काढायच्या आधी आणखी दोन क्लायंटची पत्रं हातात घ्या; ती व्हिसाच्या अर्जालाही लागतील.