ट्वीड, नास्ट आणि हत्तीचे चित्र

प्रश्न : न्यू यॉर्कचा भ्रष्ट पुढारी विल्यम ट्वीड याला थॉमस नास्ट यांच्या व्यंगचित्रांनी संपवले, हे कितपत खरे आहे?

उत्तर : अर्धे खरे आहे. टॅमनी हॉल या डेमोक्रॅटिक संघटनेच्या बळावर शहराचा कारभार मुठीत ठेवणाऱ्या ट्वीडविरुद्धचा पुरावा ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने जुलै १८७१ पासून छापला. त्यात नव्या न्यायालयाच्या बांधकामाची फुगवलेली बिले होती. पण रकमांचे रकाने वाचून चिडणारे वाचक थोडेच असतात. ‘हार्पर्स वीकली’ या साप्ताहिकाच्या १९ ऑगस्टच्या अंकात नास्ट यांनी ट्वीड, त्याचे साथीदार आणि कंत्राटदार यांना वर्तुळात उभे केले, आणि लोकांचा पैसा कोणी चोरला या प्रश्नावर प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवताना रंगवला. चोरी अनेक हातांतून वाटली गेली की जबाबदार कोणीच सापडत नाही, हा मुद्दा अग्रलेखापेक्षा या चित्रातून अधिक नेमका कळतो.

ही चित्रे लाकडी ठोकळ्यांवर कोरली जात. मोठ्या चित्रासाठी बॉक्सवुडचे अनेक तुकडे जोडत आणि कोरताना ते सुटे करून निरनिराळ्या कारागिरांना वाटून देत, म्हणूनच आठवड्याच्या मुदतीत काम निभावे.

नोव्हेंबरच्या निवडणुकीत टॅमनीचे बहुतेक उमेदवार पडले; ट्वीड स्वतः मात्र राज्याच्या सिनेटवर पुन्हा निवडून आला. पुढे १८७३ मध्ये तो दोषी ठरला, १८७५ मध्ये कोठडीतून निसटला आणि क्यूबामार्गे स्पेनला पोहोचला, तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनी त्याला नास्ट यांच्याच एका चित्रावरून ओळखले. १८७८ मध्ये तो न्यू यॉर्कच्या तुरुंगात मरण पावला.

तरीही नास्ट यांना निष्पक्ष न्यायाधीश मानू नये. ते कट्टर रिपब्लिकन होते आणि आयरिश कॅथलिकांविषयीचा त्यांचा आकस उघड होता. १८७१ च्याच सप्टेंबरमध्ये त्यांनी बिशपांना शाळकरी मुलांवर चालून येणाऱ्या मगरींच्या रूपात दाखवले. चित्राच्या नावात नदी होती चक्क गंगा!

प्रश्न : रिपब्लिकन पक्षाचा हत्ती आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे गाढव, ही दोन्ही प्रतीके नास्ट यांचीच का?

उत्तर : गाढव त्यांच्याआधीचे आहे, डेमोक्रॅटिक उमेदवार अँड्र्यू जॅक्सन यांना १८२८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत विरोधक गाढव म्हणून हिणवत. नास्ट यांनी ते १८७० पासून रूढ केले. हत्ती मात्र ७ नोव्हेंबर १८७४ च्या ‘हार्पर्स वीकली’तील त्यांच्या चित्रामुळे पक्षाला चिकटला. इसापनीतीतील सिंहाचे कातडे पांघरलेले गाढव त्यात इतर प्राण्यांना घाबरवते आहे आणि बिथरलेल्या हत्तीवर ‘रिपब्लिकन मते’ असे लिहिले आहे. ते गाढव मात्र डेमोक्रॅटिक पक्षाचे नसून, तेव्हाचे रिपब्लिकन अध्यक्ष ग्रँट तिसऱ्यांदा अध्यक्ष होऊन हुकूमशहा बनतील अशी हाकाटी पिटणाऱ्या ‘न्यू यॉर्क हेरल्ड’ या वृत्तपत्राचे होते.