क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकला पहिल्यांदा जाताय? एवढं सांभाळा

बेत छान आहे. तीन रात्री ठेवा, म्हणजे घाई होणार नाही.

सगळ्यात महत्त्वाची जुन्या शहराच्या तटबंदीवरची फेरी. सुमारे १९४० मीटर, एकाच दिशेने, वर सावली जवळजवळ नाहीच. दोन तास धरा. नवखे लोक दुपारी चढतात आणि उन्हाने अर्ध्यातच गळून जातात. क्रूझवाल्यांची गर्दीही तेव्हाच असते. दार उघडताच चढा. पिले दरवाजातून (जुन्या शहराचं पश्चिमेचं प्रवेशद्वार) आत आलं की उजवीकडे ओनोफ्रिओचं मोठं कारंजं आहे, त्याच्या तोट्यांचं पाणी पिण्याजोगं असतं. बाटली तिथेच भरा. आणि हो, नुसतं तटबंदीचं तिकीट काढण्याआधी दुब्रोव्हनिक पासची किंमत बघा. त्यात तटबंदी, संग्रहालयं, शहर बस सगळं येतं.

मुक्कामाबद्दल दोनच गोष्टी:
- जुन्या शहरात गाडी जात नाही. खोली घेताना ‘दारापर्यंत पायऱ्या किती?’ हे विचाराच. स्त्रादून या मुख्य रस्त्याच्या उत्तरेच्या गल्ल्या म्हणजे नुसत्या जिनेच.
- स्त्रादूनची चुनखडीची फरशी पायांनी घासून गुळगुळीत झालीय, पावसात सटकन पाय घसरतो. रबरी तळाचे बूट न्या.

क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहे, चलन युरो. इथेच मोठी चूक होते: शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर माँटेनेग्रोतल्या कोतोरची किंवा बोस्नियातल्या मोस्तारची एक दिवसाची सहल घेऊ नका. माँटेनेग्रो आणि बोस्निया शेंगेनबाहेर आहेत, परत आत येता येणार नाही. त्याऐवजी जुन्या बंदरातून लोक्रुम बेटावर जा, बोटीने पंधरा मिनिटं. परतीची शेवटची बोट मात्र आधीच विचारून ठेवा, बेटावर रात्री राहता येत नाही.