नऊ इंचांची ऐकीव गोष्ट

प्रिय मित्रा,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. इंटरनेटवरून मागवलेला बटरफ्लाय चाकू (दुभंगणाऱ्या दोन मुठींत पाते लपणारा) तुझ्या वसतिगृहाच्या खोलीत येऊन पडला आहे, त्याचे पाते जेमतेम चार इंचांचे आहे, तो बोटांवर फिरवण्याचा सराव करावा एवढाच तुझा हेतू आहे, आणि ‘नऊ इंचांच्या आतल्या पात्याला परवाना लागत नाही’ असे तुझ्या खोलीतल्या मित्राने छातीठोकपणे सांगितले आहे, असे तू लिहितोस. पत्राच्या शेवटी मात्र रात्री क्लासवरून परतताना तो स्वसंरक्षणासाठी खिशात ठेवला तर चालेल का, असे विचारतोस. हा प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारला असतास तर बरे झाले असते. पण खिशात घालण्यापूर्वी विचारलास, हेही काही कमी नाही.

तुझ्या मित्राची गोष्ट अगदीच निराधार नाही, आणि म्हणूनच ती धोक्याची आहे. शस्त्र नियमांच्या (आधी १९६२चे, आता २०१६चे) पहिल्या अनुसूचीत पाचव्या वर्गात तलवारी, गुप्त्या, खंजीर, भाले यांच्याबरोबर, ज्यांचे पाते ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद आहे असे चाकू येतात, आणि घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. नऊ इंच हा आकडा तेथला. त्यावरून लोकांनी असा अर्थ काढला की नऊच्या खाली सगळे मोकळे. नियमाची अनुसूची वाचायची आणि मूळ कायदा वाचायचा नाही, ही सवय आमच्या क्षेत्रातल्या नवशिक्या वकिलांनाही असते, त्यामुळे तुझ्या मित्राला मी फार दोष देत नाही.

मूळ कायदा म्हणजे १९५९चा शस्त्र अधिनियम. त्याच्या दुसऱ्या कलमातली ‘शस्त्रे’ या शब्दाची व्याख्या इंचांत मोजलेली नाही. आक्रमणासाठी किंवा संरक्षणासाठी शस्त्र म्हणून घडवलेली किंवा तशी करून घेतलेली कोणतीही वस्तू तिच्यात येते, धारदार हत्यारे येतात. आणि केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी घडवलेल्या वस्तू, उदाहरणार्थ लाठी किंवा साधी हातकाठी, तिच्यातून वगळल्या आहेत. म्हणून तुझ्या आईची विळी शस्त्र ठरत नाही आणि ऊसतोड मजुराचा कोयता फडात शस्त्र ठरत नाही, जरी दोन्हींनी माणूस मरू शकत असला तरी. बटरफ्लाय चाकूला हा आसरा मिळणे कठीण आहे. दोन मुठी दुभंगतात, त्यांच्या पोटात लपलेले पाते मनगटाच्या एका झटक्याने बाहेर येते, आणि हे सगळे एका हाताने होते. कांदा चिरायला एवढी करामत कशासाठी लागते, असे न्यायाधीशांनी विचारले तर मला तरी चांगले उत्तर सुचणार नाही.

याच अधिनियमाचे चौथे कलम सरकारला असा अधिकार देते की एखाद्या प्रदेशापुरती अधिसूचना काढून ठरावीक प्रकारची शस्त्रे परवान्याशिवाय घेणे, बाळगणे किंवा बरोबर नेणे यांना बंदी करावी. दिल्लीत १९८०च्या ऑक्टोबरमध्ये अशी अधिसूचना निघाली. तिच्यात स्प्रिंगचे, गरारीचे (दातेरी चक्राचे), बटणाचे आणि अन्य यांत्रिक युक्तीने उघडमीट होणारे चाकू आहेत, आणि माप आहे पात्याची लांबी ७.६२ सेंटिमीटर व रुंदी १.७२ सेंटिमीटर किंवा अधिक. म्हणजे तीन इंच! तुझा चार इंचांचा चाकू घेऊन तू दिल्लीच्या स्थानकावर उतरलास तर नऊ इंचांची गोष्ट तेथे काहीही कामाची नाही. बटरफ्लायच्या दुहेरी मुठीला ‘यांत्रिक युक्ती’ म्हणावे की नाही यावर मी तासभर वाद घालू शकेन, पण तो वाद तू कोठडीत असताना चालेल. कलम ४चा भंग झाल्यास कलम २५ खाली एक ते तीन वर्षांचा कारावास आणि दंड आहे, आणि या अधिनियमाखालचे गुन्हे दखलपात्र असल्यामुळे अटकेसाठी वॉरंट लागत नाही.

आता आपल्याकडचे बघ. वर्तमानपत्रात आतल्या पानावर तू वाचले असशील: ‘कलम ३७(१)(३) अन्वये मनाई आदेश लागू’. गणपती, दहीहंडी, निवडणुका, एखादा मोर्चा, यांच्या आगेमागे हे आदेश निघतात, अनेकदा पंधरवड्यापुरते, आणि एक संपतो तोवर दुसरा येतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधल्या या कलमाखाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, बंदुका, सुरे, काठ्या किंवा शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू बरोबर नेण्यास मनाई करू शकतात. ‘कोणतीही वस्तू’ हे शब्द दोनदा वाच. तेथे इंच नाहीत, धार नाही, मुठीचा प्रकार नाही. मनाई बरोबर नेण्याला आहे, त्यामुळे खोलीतल्या कपाटात पडलेली वस्तू आणि खिशातली वस्तू यांत या कलमापुरता मोठा फरक पडतो, आणि नेमका तोच फरक तू पुसून टाकायला निघाला आहेस. कलम १३५ खाली शिक्षा एक वर्षापर्यंत आहे, आणि कारणे लेखी नोंदवल्याशिवाय ती चार महिन्यांहून कमी करता येत नाही.

काही वर्षांपूर्वी असाच एक एकोणीस वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर माझ्याकडे आला होता. रात्री नाकाबंदीत दुचाकीची डिकी उघडली गेली आणि चाकू सापडला. त्या प्रकरणातला पंचनामा मला अजून डोळ्यांसमोर दिसतो: हवालदाराने चाकू कोऱ्या कागदावर आडवा ठेवून त्याच्या कडेने पेन्सिल फिरवली होती, पाते, मूठ आणि एकूण लांबी अशी तीन मापे लिहिली होती, पात्याच्या मध्यावर रुंदी टिपली होती, आणि खाली दोन पंचांच्या सह्या होत्या. मुद्देमाल खाकी कागदात गुंडाळून लाखेने मोहोरबंद केलेला होता. उलटतपासणीत एका पंचाला मूठ एक होती की दोन हे सांगता आले नाही, आणि मनाई आदेश रीतसर प्रसिद्ध झाल्याचा पुरावा सरकार पक्षाला आणता आला नाही. मुलगा निर्दोष सुटला. पण त्याला चार वर्षे लागली, आणि त्या चार वर्षांत नोकरीच्या प्रत्येक अर्जावर ‘आपल्याविरुद्ध फौजदारी प्रकरण प्रलंबित आहे काय?’ या रकान्यात त्याला ‘होय’ लिहावे लागले. निकालाचे पेढे घेऊन आला तेव्हा त्याच्या बरोबरीची मुले नोकरीत स्थिरावली होती.

स्वसंरक्षणाविषयी तू जे लिहिलेस त्याबद्दल मला जरा कठोर बोलावे लागेल. वरची व्याख्या पुन्हा आठव: आक्रमणासाठी *किंवा संरक्षणासाठी*. पोलिसाने विचारले आणि तू प्रामाणिकपणे ‘सुरक्षेसाठी ठेवला आहे, साहेब’ म्हणालास, तर ही वस्तू मी शस्त्र म्हणूनच बाळगतो असे तूच सांगितलेले असेल. आपल्या बचावाचा अधिकार कायद्याने दिला आहे, तो भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे, पूर्वी तो दंड संहितेच्या ९६ ते १०६ या कलमांत होता; पण तो हल्ला होत असताना किंवा तशी रास्त भीती निर्माण झाल्यावर केलेल्या कृतीचा अधिकार आहे, हत्यार खिशात घालून हिंडण्याचा परवाना नव्हे.

पुढच्या वर्षी तू इंग्लंडला शिकायला जाणार आहेस, म्हणून तेथलेही सांगते. तेथे १९८८पासून बटरफ्लाय चाकू बनवणे, विकणे आणि आयात करणे गुन्हा आहे, आणि १४ जुलै २०२१पासून तो स्वतःच्या घरात नुसता ठेवणेही गुन्हा आहे. कारण न देता बरोबर ठेवता येतो तो फक्त घडीचा, कुलूप न होणारा, तीन इंचांपर्यंत धारेचा खिशातला चाकू. जर्मनीतही बटरफ्लाय २००३पासून निषिद्ध आहे. ज्या फिलिपिन्सच्या बातांगास प्रांतात हा चाकू ‘बालिसाँग’ या नावाने घडवला जातो, तेथेही उपजीविकेचे किंवा अन्य कायदेशीर कामाचे साधन म्हणून वापर नसेल तर धारदार हत्यार घराबाहेर नेण्यास १९७०च्या दशकापासून मनाई आहे.

तेव्हा पार्सल परत घेण्याची मुदत उरली असेल तर ते परत पाठव. मुदत संपली असेल तर कोणा मित्राला भेट देऊ नकोस, कारण मग तोच प्रश्न त्याच्या खिशात जाईल. मला फोन कर, आपण काय ते ठरवू. चाकू फिरवतानाची चित्रफीत स्टेटसला ठेवली असशील तर आजच काढ. हत्यारासह फोटो टाकणाऱ्यांना पोलीस शोधून काढतात आणि तेथे पंचनाम्याआधीच पुरावा तयार असतो. बोटांच्या कसरतीचीच आवड असेल तर बोथट पात्याचे सरावाचे साधन मिळते. तेही खोलीतच ठेव, कारण रात्रीच्या अंधारात दहा फुटांवरून हवालदाराला ते बोथट आहे हे दिसत नाही, आणि वसतिगृहाला तेही चालते का हे प्रवेशाच्या वेळी सही केलेल्या हमीपत्रात आधी वाच. इंग्लंडला जाताना मात्र तेही सामानात भरू नकोस.

क्लासवरून परतताना नक्की कशाची भीती वाटते, रस्ता अंधारा आहे की कोणी मागे लागले आहे, हे तू पत्रात लिहिलेले नाहीस. ते मला सविस्तर कळव. कोणी त्रास देत असेल तर त्याची लेखी तक्रार करता येते, आणि तिचा मसुदा मी करून देईन.

तुझी,
वकीलमावशी