वाचकांचे प्रश्न : डोरोथीचे बूट चांदीचे की माणकांचे?

प्रश्न : ‘विझार्ड ऑफ ऑझ’ ही मुलांची कथा म्हणजे अमेरिकेतल्या सोनं-चांदीच्या चलनाच्या वादाचं रूपक आहे, असं वर्गात शिकवलं. पण सिनेमात कथेची नायिका डोरोथी हिचे बूट लाल आहेत. मग यात चांदी आली कुठून? (अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : मूळ पुस्तकातून. १९०० साली एल. फ्रँक बॉम यांनी बूट चांदीचेच लिहिले. १९३९च्या सिनेमात ते रंगीत पडद्यावर उठून दिसावेत म्हणून माणकांचे झाले. चांदीचे बूट घालून सोनेरी-पिवळ्या विटांच्या रस्त्याने चालणं, यावरच ते रूपक उभं आहे. म्हणून आधी पुस्तक वाचा.

आता वाद काय होता ते पाहू. १८७३च्या कायद्याने अमेरिकेत चांदीची मुक्त टांकसाळ, म्हणजे कुणीही चांदी नेऊन तिची नाणी पाडून घेण्याची सोय, बंद झाली. पुढे मालाचं उत्पादन वाढत गेलं, सोन्याचा पुरवठा त्या मानाने वाढला नाही आणि १८९६पर्यंत भाव उतरत राहिले. यात कर्जदार भरडला जातो. हिशेबापुरतं समजा, शेतकऱ्यावर १००० डॉलरचं कर्ज आहे आणि गव्हाचा भाव बुशेलला (धान्य मोजायचं अमेरिकी माप) एक डॉलर. म्हणजे कर्ज फेडायला १००० बुशेल गहू विकावा लागेल. भाव निम्म्यावर आला की त्याच कर्जाला २००० बुशेल लागतात. कागदावरचा आकडा तोच, शेतातलं ओझं मात्र दुप्पट.

म्हणून मागणी झाली की १६ औंस चांदी बरोबर १ औंस सोनं या दराने टांकसाळ पुन्हा खुली करा. १८९६च्या सुमारास बाजारात एका औंस सोन्याला साधारण ३० औंस चांदी मिळत होती. त्यामुळे चांदी टांकसाळीत लोटली असती, चलन वाढलं असतं, भाव चढले असते. धनकोंना धास्ती होती ती याचीच. डेमोक्रॅटिक पक्षाचे विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी त्या वर्षी पक्षाच्या शिकागोच्या अधिवेशनात चांदीची बाजू गाजवली, पण अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सोन्याच्या बाजूचे रिपब्लिकन उमेदवार मॅकिन्ली जिंकले.

हेन्री लिटलफील्ड या शाळाशिक्षकांनी १९६४मध्ये कथेचा सांधा या वादाशी जुळवला. डोरोथीच्या सोबत्यांपैकी बुजगावणं म्हणजे शेतकरी, पत्र्याचा लाकूडतोड्या म्हणजे कारखान्यातला कामगार, भित्रा सिंह म्हणजे ब्रायन. सिंहाच्या नख्यांनी पत्र्यावर ओरखडाही उठत नाही, याचा अर्थ त्यांनी असा लावला की पूर्वेकडचा कामगार ब्रायन यांच्यामागे आला नाही. हे जुळणं खरोखर देखणं आहे. १९९०मध्ये अर्थतज्ज्ञ ह्यू रॉकॉफ यांनी चलनाची बाजू आणखी तपशिलात मांडली.

प्रश्न : पण लेखकाच्या मनात हे होतं का? (एक शिक्षक, नाशिक)

उत्तर : पुरावा उलट बाजूचा आहे. बॉम यांनी १८९६मध्ये मॅकिन्ली यांच्या बाजूची कविता छापली होती, म्हणजे ते चांदीवाल्यांच्या विरोधी गोटात होते. मुलांच्या आनंदासाठी लिहिलं, असं प्रस्तावनेत त्यांनी स्वतः म्हटलं आहे. लिटलफील्ड यांनीही हे रूपक मांडलं ते विद्यार्थ्यांना इतिहास समजावा म्हणून.

वर्गात शिकवताना हे दोन दावे वेगळे ठेवा. ‘कथेतून १८९०च्या दशकाचं अर्थकारण शिकवता येतं’ हा दावा टिकतो. ‘लेखकाने ते मुद्दाम पेरलं’ याला लेखकाचं पत्र, टिपण असं काहीतरी लागतं. कथेतल्या पाचूच्या नगरीत सगळ्यांना हिरवे चष्मे कुलूप लावून घालतात. ते म्हणजे कागदी नोटांवरचा सक्तीचा विश्वास, हा अर्थ मुलांना चटकन पटतो, जरूर सांगा. पण महालात डोरोथी सात दालनं आणि तीन जिने ओलांडते, तिथे १८७३मधले सात-तीन शोधणं आम्हाला ताणलेलं वाटतं. इतक्या सैल हाताने आकडे उचलले तर कुठल्याही परीकथेत कुठलंही साल सापडेल.

प्रश्न : आपल्याकडे या चांदीच्या घसरणीचा काही परिणाम झाला? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मोठाच. रुपया चांदीचा होता, त्यामुळे चांदी स्वस्त झाली तशी ब्रिटिश चलनातली त्याची किंमतही उतरली (१२ पेन्सचा एक शिलिंग, २० शिलिंगांचा एक पौंड). १८७०च्या दशकाच्या आरंभी तो दोन शिलिंगांच्या आसपास होता, तो १८९२-९३मध्ये सुमारे एक शिलिंग तीन पेन्सवर आला. इंग्लंडला द्यायची देणी पौंडात होती, त्यामुळे सरकारला त्यासाठी जास्त रुपये मोजावे लागत. जून १८९३मध्ये मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी चांदीच्या मुक्त नाणेपाडणीला बंद झाल्या. या साऱ्या इतिहासाची चिकित्सा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ (१९२३) या ग्रंथात केली आहे. अमेरिकेचा वाद समजला की त्यातली टांकसाळबंदीची चर्चा फार सोपी जाते.